किती गडी राहिले

मु. बोरपाडा, ता. मुरबाड
३ ऑगस्ट २००४

अनिल,

आशीर्वाद लिहायचे असतात ते लिहिले असं समज. पूजाच्या भावानं तुला नाशकाच्या त्या सवय सोडवायच्या केंद्रात नेऊन घातल्याला सात महिने झाले, आणि तुझं हे पयलं पत्र. पोस्टमननं दिलं तेव्हा चिखलाचे हात पदराला पुसून उभ्या उभ्या फोडलं. म्हटलं, सुधारला भाऊ, बहिणीची आठवण झाली. वाचते तर ताई कशी आहेस नाय, भाताची आवणी झाली का नाय, गाय व्याली का नाय. एकच प्रश्न. 'ताई, त्या दिवशी राब भाजताना माझ्या हातात गेम होता की नव्हता? मला धड आठवत नाय, तू तिथं होतीस. खरं सांग.'

होता. झालं समाधान?

अरे, गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे ते तुला सात वर्षांनी विचारायचं सुचलं! आणि वर लिहितोस की डॉक्टरला पण घरच्यांच्या हातचं लिहिलेलं पायजे, सवय कधी लागली न् कशानं लागली. बरं. डॉक्टर वाचणारच असेल तर त्यालाही कळेल असं पयल्यापासून लिहिते. सातवी शिकलेय मी, माझं अक्षर त्याच्यापेक्षा बरंच असेल.

डॉक्टरसाहेब, मी याची मोठी बहीण सकू. नवऱ्यानं शहापुरास्नं परत पाठवली तेव्हापासून भावाच्या घरी. हा मुरबाडला एका कारखान्यात होता. शहाण्णव साली कारखान्याला टाळं लागलं आणि हा तिशीतला माणूस घरी येऊन ओट्यावर बसला. शेतात जायची लाज, दुसरीकडे काम मागायची लाज. पाळीवर जायची सवय झालेली, भोंगा नाय तर दिवस कसा काढायचा ते याला कळेना. जानेवारीत म्हसा गावच्या जत्रेला गेलो. लोकांनी घोंगड्या आणल्या, बैल आणले. यानं काय आणलं, तर तळहाताएवढा गेम, काळ्या ठोकळ्यांचा, टींटीं वाजणारा. पूजा म्हणजे याची बायको, तिला बोलला की पोरीसाठी घेतला. पोर चार वर्षांची, वैष्णवी. काय रे अनिल, तिच्या हातात एकदा तरी दिलास? तिला पिपाणी घेतलीस.

मग घरात तीच टींटीं. जेवताना, माणसं आली असताना, मयतीला जाताना खिशात. पूजा हाका मारून थकायची आणि हा 'झालं, झालं' करायचा.

मे महिन्यात राब भाजायला घेतला. डॉक्टर शहरातला असेल तर सांगते, भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, टहाळे अंथरून जाळतात, सकाळी वारा पडलेला असताना. आग सरकते तशी एकानं हिरवा टहाळा घेऊन तिच्या तोंडाशी उभं राहायचं, भलतीकडे गेली की झोडपायची. ते काम याचं होतं. आग पुढे गेली की मागे राख राहते. वरून पांढरी आणि आत निखारा. पोर त्या राखेत चालत गेली. अंगात नायलॉनचा फ्रॉक. चार दिवस ठाण्याला इस्पितळात होती, पाचव्या दिवशी आमी तिला घरी आणली ती पांढऱ्या कापडात. बाप गेम खेळत होता म्हणून पोर गेली, हे माझं एकटीचं नाय, सगळ्या गावाचं म्हणणं आहे. गेम याच्या चपलांपाशी बांधावर पडलेला दहा माणसांनी बघितला.

पोरीचे दिवस झाले आणि पूजा उंबरमाळीला माहेरी गेली ती गेलीच. याला शरम वाटावी की नाय? उलट वाढलं. मग टीव्हीला जोडायचा गेम, मग शहापूरच्या स्टँडामागचं गेमचं पार्लर. दप्तरवाल्या पोरांना ढकलून मशीन धरून बसणारा पस्तिशीचा घोडा! मालकानं तुला बाहेर काढलं तेव्हा मी न्यायला आलेली, आठवतं? पँटीत मुतलेलास. उठायचं तुझ्या जिवावर आलेलं. एसटीत बायका नाकाला पदर लावून बसल्या आणि त्यांच्यासमोर मी तुझ्या शेजारी.

घे, लिहून दिलं. मी त्या वस्तूला कधी हातसुद्धा लावला नाय. मला कामं होती.

ताई


१९ ऑगस्ट २००४

अनिल,

असं आहे होय! तरीच म्हटलं, हा किडा याच्या डोक्यात शिरला कुठून. यमाजी आला होता तुला भेटायला. घाट चढून पार नाशकापर्यंत. वाडीवरचा यमाजी, त्या दिवशी आपल्याकडे मजुरीला होता तो. आणि बोलला काय, तर 'अनिलभाऊ, तुझ्या हातान टहाला व्हता. मी पलीकडच्या कोपऱ्याव व्हतो, मी बघितला.'

सात वर्षं याची जीभ कुठं गेली होती? मी सांगते कुठं. वाडीवरच्या माणसाचं गावात कोण ऐकून घेतं ते त्याला ठाऊक आहे, म्हणून गप्प होता. ज्याला स्वतःचं वय सांगता येत नाय, रेशनकार्डावर मास्तर लिहील ते वय, त्याला धुरात तुझा हात दिसला? आणि त्याच्या शब्दावर तू सख्ख्या बहिणीला खोटी पाडणार?

तळपायांचं विचारलंस. हो, भाजलेले होते. दोन महिने तुला उचलून परसाकडे नेला तो मीच नेला. पोरीला घ्यायला धावलास तेव्हा भाजले. धावलास उशिरा, एवढंच माझं म्हणणं.

तुला कशानं धरलं ते डॉक्टरच्या गोळ्यांना कळायचं नाय, मी सांगते. ती गाडीची शर्यत. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या मधून आपली गाडी काढायची. आधी सावकाश असतं, मग स्पीड वाढत जातो, सातच्या पुढे तर बोटाला विचार करायला वेळच नाय. आपटली की टर्र वाजतं, एक गडी मेला. पण कोपऱ्यात अजून तीन गडी उभे असतात. परत सुरू, जसं काय झालंच नाय. कारखान्यातनं हाकलला तो गडी मेला, हा दुसरा. बायको तोंड फिरवते तो मेला, हा तिसरा. मरायचं आणि उठायचं, कुणी विचारणार नाय, कुणी बघणार नाय. ही गोडी लागली तुला. पोरीच्या बाबतीत कोपऱ्यात तीन नव्हते, ते तुला उशिरा कळलं.

कडू लागलं असेल तर लागू दे. माझ्याही तोंडात सात वर्षं कडूच आहे.

ताई


९ सप्टेंबर २००४

अनिल,

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. गेल्या पत्रात मी 'गडी' लिहिलं, त्या एका शब्दावरून! 'ताई, मी त्याला जान म्हणायचो. पार्लरातली पोरं लाइफ म्हणतात. आपल्या घरात गडी फक्त वैष्णवी म्हणायची. मला तेव्हा हसू यायचं, वाटायचं कबड्डीतलं ऐकून बोलते. आता सांग, ती कुणाकडून शिकली?'

वा रे वा. आठ महिने गोळ्या खाऊन डोकं वकिलासारखं चालायला लागलं तुझं.

खेळले. बरं, खेळले मी! काय करशील?

दुपारी तू आडवा पडलास की तुझ्या उशाचा घ्यायची. पूजा नदीवर गेलेली असायची. वैष्णवी माझ्या मांडीला टेकून बसायची. आधी नुसती बघायची, मग विचारायला लागली, 'आत्या, किती गडी राहिले?' मी सांगायची, तीन. दोन. ती टाळ्या वाजवायची. शेवटचा उरला की माझा हात घट्ट धरायची आणि मी ओरडायची, सोड गो, सोड, मरंल! तुला यातलं काय ठाऊक होतं? तुझ्या पोरीला आकडे शिकवले ते मी.

आता तू विचारशील, ताई, तुला कशाला लागत होतं ते. ऐक मग. तुला कारखान्यानं काढलं तेव्हा गाव हळहळलं. मला नवऱ्यानं काढलं तेव्हा बा बोलला, 'असू दे, घरात काम आहेच.' असू दे! त्यानंतर बारा वर्षं आवणी केली, शेण काढलं, तुझ्या लग्नात वरातीच्या मागे पाण्याची कळशी घेऊन फिरले. एकदा कुणी बोललं का, सकू, छान केलंस? भाकरी चांगली झाली तर घरातली माणसं दोन जास्त खायची, झालं माझं कौतुक. ते यंत्र बोलायचं रे. त्यात ठोकळे रचायचा पण खेळ होता, ओळ भरली की ती पुसली जायची आणि वाजायचं. माझ्यासाठी वाजायचं! माझ्या हातानं झालेलं काहीतरी कुणीतरी बघितलं असं वाटायचं. हसू नको. हसलास तर तोंड फोडीन.

तू तर ठरवून हरायला खेळायचास, मी तुझी बोटं बघितलीत. मी जिंकायला खेळायची. तुझ्यापेक्षा चांगली खेळायची.

पण म्हणून त्या दिवसाचं काय बदलत नाय. त्या दिवशी गेम तुझ्याच हातात होता. परत विचारू नकोस.

ताई


२ ऑक्टोबर २००४

अनिल,

म्हणजे पूजा येऊन गेली तुझ्याकडे. चांगलं आहे. तिचं मलाही पत्र आलंय, दोन ओळींचं. 'ताई, तुमी जे सांगाल ते मी मानीन. होता की नव्हता एवढंच लिहा. नव्हता तर मी त्यांना घेऊन घरी येते.'

घरी येते! कुणाच्या घरी? या रे, दोघं या. ओटा सारवून ठेवते. फक्त एक लिव, तुमी दोघं आल्यावर मी कुठं जाऊ? पूजाला कळल्यावर ती मला चुलीपाशी उभी करील? ज्या बाईनं... जाऊ दे. पेन चालत नाय नीट.

काल वाडीवर गेले होते. यमाजी कुडाला शेण लावत होता. मी उभ्या उभ्या विचारलं, 'काय रे, माझ्या भावाच्या डोक्यात काय भरवलंस?'

तो बोलला, 'सकूबाय, सात वरसा मी कोनाला बोललू नाय. पर तो मानूस मराया टेकलाय. ज्याचा त्याला सांगाया नको?'

'आणि पुढे?'

'कापनी झाली का पूजाबायला घेऊन देवलाव येतू. चार मानसांत सांगतू.'

बघ, किती हिंमत! मी सांगितलं, आमच्या बांधावर पाय ठेवायचा नाय, आणि गावात दुसरं कोण तुला कापणीला बोलावतं तेही बघते. त्याची बायको मंगळी बाहेर आली, हात जोडायला लागली, 'पोटाव नको मारू गो बाय.' मी म्हटलं, मग नवऱ्याला समजाव. यमाजी शेणाचे हात तसेच धरून उभा. बोलला, 'नको बोलवा कामाला. पर टहालाच व्हता.'

तिथनं घरापर्यंत मागं न बघता आले. रागानं. दुसरं काय नाय.

आल्या आल्या घराघरांत सांगून आले की यमाजी पेंढा चोरतो. लोकांनी लगेच मानलं. मला वाटलेलं त्याहून लवकर मानलं.

पूजाला अजून उत्तर दिलं नाय.

ताई


२४ नोव्हेंबर २००४

अनिल,

यमाजी गेला.

इथं कुणी कामाला घेतलं नाय म्हणून लांब किन्हवलीकडे कापणीला गेला होता. भाताच्या पेंढ्या उचलताना घोणस चावली. लोकांनी धावपळ केली, पण उशीर झाला. मी मंगळीला भेटायला गेले. तिनं मला आत घेतलं, बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी रडले. खोटं नाय रडले.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. नव्हता.

तुझ्या हातात टहाळा होता. तू आगीच्या तोंडाशी, पाठ आमच्याकडे, यमाजी पलीकडच्या कोपऱ्याला. पूजा घरी भाकऱ्या थापत होती. वैष्णवी माझ्याजवळ आंब्याखाली. तूच आणून दिलीस. बोललास, 'ताई, हिला धर, राखेत येईल.' तुझा सदरा फांदीला होता, गेम सदऱ्याच्या खिशात. मी काढला. चार डाव झाले असतील खेळून. स्पीड आठवर गेला, माझा कधी गेला नव्हता. पोर विचारायला लागली, आत्या, किती गडी राहिले? मी म्हटलं, एक, थांब. तिनं परत विचारलं, हात धरला. मी हात झटकला आणि म्हटलं, जा, बापाकडे जा.

ती शहाणी पोर. सांगितलं तसं गेली. समोर बाप दिसत होता, मधे पांढरी राख. तिला काय ठाऊक.

तिची किंकाळी ऐकली मी. ऐकली, आणि तरी बोटं लगेच थांबली नाय. किती वेळ, ते मी देवालाही सांगणार नाय, तुला तर नायच. तू राखेतनं धावलास, अनवाणी, कारण टहाळा मारताना पाय घसरतात म्हणून चपला बांधावर काढून ठेवलेल्या. मी धावले तेव्हा गेम हातातच होता. पोरीला घ्यायला हात मोकळे पायजेत म्हणून टाकला, तो तुझ्या चपलांपाशी पडला. मुद्दाम नाय टाकला, अनिल. हे एवढं तरी मान. माणसं आली. शेजारच्या शेतातला महिपत बोलला, 'हे बघा, बाप खेळत बसलेला.' तू पोरीला धरून नुसता बघत होतास, तोंडातून शब्द नाय. मी पण तोंड उघडलं नाय. ठाण्याला पूजानं माझे खांदे धरून विचारलं, 'ताई, हे काय करत होते हो?' तेव्हा उघडलं. म्हटलं, खेळत होता.

नंतर रोज धडकी भरायची की आज तुला आठवेल, आज विचारशील. मग लक्षात आलं, खेळत असलास की तू विचारत नाय. टीव्हीचा गेम कल्याणास्नं मी आणला, तुला वाटलं ताईला दया आली. शहापूरच्या एसटीत मी बसवून द्यायची, डबा बांधून. डॉक्टरला पायजे होतं ना, सवय कशानं लागली? थोडी कारखान्यानं लावली. बाकी मी लावली, लहान मुलाला चालायला शिकवतात तशी, हाताला धरून. आणि मग तुझी मुतकी पँट धुताना तुलाच शिव्या दिल्या. त्या शिव्या देताना बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

विचारशील, आता का सांगितलं. कारण माझ्याच्यानं एकटीनं धरवत नाय. सात वर्षं एकटीनं धरलं. यमाजी होता तोवर निदान आणखी एकाला ठाऊक होतं. आता तू धर. तू माझा भाऊ आहेस, तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर टाकू?

हे पत्र घेऊन तू पूजाकडे पळशील, ठाऊक आहे मला. जा. वाचून दाखव. तिला परवाच उत्तर टाकलंय, एव्हाना उंबरमाळीला पोचलं असेल. त्यात काय लिहिलं ते तुलाही कळू दे, उगाच अडखळशील. लिहिलंय की, पूजा, डॉक्टरनं मला निरोप दिलाय, अनिल बरा व्हायचा तर घरातल्या कुणीतरी दोष आपल्या अंगावर घेऊन त्याला पत्र लिहायला पायजे. तसं पत्र मी त्याला लिहितेय, यमाजीचं नाव पण घातलंय. माझ्यावर जे लिहावं लागलं ते भावासाठी लिहिलं. तो ते तुला आणून दाखवील. तू रडल्यासारखं कर, खरं मानलंस असं दाखव, त्याला मायेनं हो म्हण. पण तू पोरीची आई, तुझ्यापासून कशाला लपवू. गेम त्याच्याच हातात होता.

ताई